पॉलिटिकली

निवतीच्या एसटी थांब्याला लागून माझं दुकान.
झेरॉक्स, टायपिंग, सातबाराचा उतारा,
फावल्या वेळात बारावीच्या पोरांना इंग्रजी.
इथे कागद बारा महिने दमट. मशीन तो गिळतं
आणि मी दिवसातून दहादा त्याच्या घशात हात घालते.

जयवंती मेतर सरळ किनाऱ्यावरून आली,
टोपली बाहेर उतरवून, हात पदराला पुसून.
पत्र दुधाच्या रिकाम्या पिशवीत घडी घालून आणलेलं,
बांगड्याचा वास सरकारला लागू नये म्हणून.
बंधाऱ्यासाठी सात वर्षांत अकरा अर्ज,
त्यातले नऊ माझ्याच बोटांनी टाईप झालेले.
उत्तर हे पहिलंच.
तेही इंग्रजीत.

"वाच गो बाय."

तांत्रिकदृष्ट्या प्रस्ताव योग्य.
आर्थिकदृष्ट्या हरकत नाही.
मात्र सद्यःस्थितीत, पॉलिटिकली...
इथे मी अडले, मराठी शब्द चाचपत,
आणि तेवढ्यात तिने तो उचलला,
जाळ्यातून निसटलेली तारली वाळूवरून उचलावी तसा:

"टिकली? कोण टिकली?"

मला हसू आलं. मग ते गेलं.
मागच्या आषाढी उधाणात
तिच्या मांगराची भिंत टिकली नव्हती.
सुरूची पुढली रांग टिकली नव्हती.
त्याआधीच्या वर्षी गुणाजीदादा,
आणि त्याच्यामागून तिच्या कपाळावरची...

मी घाईने व्याकरणात शिरले.
वयनी, हे क्रियाविशेषण.
क्रिया कशी झाली ते सांगणारा शब्द.
'होडी हळूहळू आली' मधलं हळूहळू.

"मगे क्रिया खय आसा?"

मी पत्र पुन्हा वरपासून वाचलं.
दोन पानं, तीन सह्या, एक गोल शिक्का.
कुणी काही केलं नव्हतं.
क्रियापद शेवटी एकच, 'नाही',
आणि त्याच्या पुढे हा शब्द उभा,
लग्नघरी न बोलावता आलेल्या पुढाऱ्यासारखा,
इस्त्रीच्या कपड्यात.

म्हटलं, मराठीत राजकीयदृष्ट्या म्हणतात.
"दृष्ट?" ती सावरून बसली. आता तिच्या ओळखीचा मुलूख.
मीठ, सात मिरच्या, तीनदा उतरून चुलीत.
मिरची जळून ठसका लागला नाही
तर समजायचं, लागलेली डोळ्यांची जात भारी.
"कोणाची लागली?"

तीच तर गंमत, वयनी. ह्या शब्दाला कर्ता लागत नाही.
बघणारा कोण ते सांगायचं नसेल
तेव्हाच तो वापरतात.
मी अजून उदाहरणं देणार होते.
तिने बोटांवर काहीतरी मोजलं.

"आमच्या वाडयेत मतां एकशे चवदा.
पलीकडे चारशेच्या वर. थय गेल्या वर्सा दगड पडले,
आनी थय तर मूळचोच कातळ. दर्यो थय जातच नाय."

एवढं बोलून ती गप्प.
माझ्याकडचा जाडजूड शब्दकोश
मी हळूच झेरॉक्स मशीनखाली सरकवला,
तसंही त्याचा एक पाय आखूड आहे.

मग बारावा अर्ज. ती सांगत गेली, मी मागे मागे.
"लिही: दर्यादृष्ट्या आमी हयच आसंव.
दर्यादृष्ट्या तुमचो नकाशो चुकलो.
दर्याक विचारून उत्तर धाडा."

साहेबाला कळावं म्हणून इंग्रजी करायला बसले.
राजकारणाचं क्रियाविशेषण त्या भाषेत आहे,
पैशाचं आहे, यंत्राचं आहे.
समुद्राचं सापडेना.
शेवटी शब्द तसाच ठेवला, तिचाच, रोमन अक्षरांत,
आणि पडद्यावर त्याच्याखाली
लाल वाकडीतिकडी रेघ उमटली.
मी पुसायला गेले.

"ऱ्हवांदे ती," जयवंती म्हणाली.
"भरती थयसरच येता."

दोन प्रती, चार रुपये. तिने पाचाचं नाणं ठेवलं,
सुट्टा रुपया माझ्याकडे नव्हता.
टोपली उचलताना म्हणाली, फुडच्या अर्जात वळता कर.