आठशे शहाण्णव

उद्यमबागेत फौंड्रीच्या पाठीमागं माझं दुकान.
आठ बाय दहा. तीन उघडे सीपीयू, एक सोल्डरिंग गन,
वासावरूनच ओळखू येणारे जळके कपॅसिटर
आणि मतं. मतांचं बिल मी लावत नाही.

कॉम्प्युटर ठोंब्या आहे, पण लबाड नाही, हे पहिलं.
चुकला तर साहेबाला आणि शिपायाला सारखाच चुकतो.
एवढं तरी कुठल्या कचेरीत मिळतं, सांगा की.
दुसरं सांगणार होतो, तेवढ्यात हेस्कॉमनं लाईट घालवली,
यूपीएस कोकलायला लागला,
आणि त्या अंधारात दारात द्रौपदी चौगुले,
बेळगुंदीहून, कापडदुकानाच्या पिशवीत कागद घेऊन.

आधारवर चौगुले. रेशनकार्डावर चौगला.
उताऱ्यावर, कुणाच्या तरी जेवणाच्या सुट्टीआधी घाईत, चवगुले.
तीन बायका झाल्या कागदावर,
पेन्शन एकीलाही नाही.
"मी जेवतो एकटीच की ओ," म्हणाल्या.

नाडकचेरीतली शिवलीला वाईट नाही.
तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवली: नान एन माडली, सर,
मी तरी काय करू, सिस्टीम घेतच नाही.
लाल चौकट. जुळत नाही.

आता ऐका. चौगुले आणि चौगला यांच्यात अंतर किती?
एक उकार काढा, एक मात्रा मोडून काना करा. दोन.
हे मोजायला मशीनला पापणी लवायचाही वेळ लागत नाही.
पण त्याला कुणी विचारलंच नाही, किती चुकलंय.
बरोबर की चूक, एवढंच विचारलं.
विज्ञानात प्रत्येक मापाला अधिक-उणे असतं,
शेजारच्या लेथवर शाफ्टला दोन शतांश मिलिमीटर माफ असतात.
लोखंडाला जी सूट
ती बेळगुंदीच्या बाईला नाही.

रात्री झोप येईना, म्हणून अक्षरांचे नंबर काढून बसलो.
मराठी ळ, दोन हजार तीनशे पंचावन्न.
कानडी ळ, तीन हजार दोनशे एक्कावन्न.
वजा केलं. मग अ घेतला, म घेतला, वेलांटी घेतली.
दर वेळी आठशे शहाण्णव.
मी उठून पाणी प्यालो.
इकडं पाट्यांना डांबर फासण्यात पोरांची उमर गेली,
आणि आत, सगळ्यात खाली, जिथं कुणी बघत नाही,
दोन्ही लिपी एकाच नकाशावर बांधलेल्या,
खोल्यांचा क्रम तोच, मधे एक बेरीज.
त्यातून देवनागरीत एक खोली रिकामी, ऱ्हस्व ए ची.
मराठीला तो लागत नाही. कानडीसारख्यांसाठी ठेवलेला.
कुणी ठेवला? सरकारी कमिटीनंच की.
आयुष्यभर सरकारला शिव्या घातल्या मी,
आणि रात्री दोन वाजता त्या कमिटीतल्या
कुणा अनोळखी माणसाला चहा पाजावासा वाटला.

सकाळी अर्ज टाईप केला मराठीत,
प्रत्येक अक्षरात आठशे शहाण्णव मिळवले, छापला.
शिवलीला वाचायला लागली, अडखळत, मोठ्यानं,
आणि थांबली. लिपी तिची, भाषा आमची.
टेबलाजवळचे सगळे हसले, ती पण.
शेवटी नाव आलं. माझ्या बेरजेत ए दीर्घच राहिला होता;
कानडीत तिथं ऱ्हस्व लागतो. त्या रिकाम्या खोलीचं
एवढं कौतुक केलं, आणि नेमकं तिलाच विसरलो.
चौगुलेऽऽ, तिनं जसं होतं तसं वाचलं.
"चौथी बाई केलात, सर."

द्रौपदीअक्का बाकावरून उठल्या.
"राहू दे गं तसंच," म्हणाल्या,
"लांबून कुणी हाक मारल्यासारखं वाटतंय."

अर्ज वर गेलाय. धारवाडला की बेंगळूरला, माहीत नाही.
दुसरं मत अजून आठवलेलं नाही.