रविवारी, कानाशी

आधी वास आला.
तळघरातल्या पिंपात द्राक्षं फसफसतात तेव्हाचा,
पण महिना मार्च, पिंपं रिकामी.
मी बुचं हुंगली, एर्मेतेचे बूट हुंगले,
शेवटी शेगडीपाशी पेंगणाऱ्या बीजाच्या
डाव्या कानाची पाळी उचलली.
आत तपकिरी मेण,
आणि कातडी लाल, हात लावू देईना.

त्याला म्हटलं, कुत्री दोन दिवस डोकं झटकतेय.
म्हणाला, माश्या असतील.
म्हटलं, ओकाखाली ट्रफल हुडकताना
मान तिरकी धरते, बघितलंस?
म्हणाला, हो, दुपारनंतर पाऊस आहे.
एर्मेतेचं श्रवणयंत्र ड्रॉवरमध्ये असतं,
बियाण्यांच्या पावत्यांखाली,
डबीतून एकदाच काढलेलं.

तुल्लिओ कुंपणावरून म्हणाला, व्हिनेगर आणि पाणी, निम्मं निम्मं,
त्याच्या बापाची सात कुत्री त्यावरच जगली.
मी वाटी भरलीसुद्धा.
मग वेली छाटताना चिरलेलं माझं बोट
चुकून त्यात बुडालं,
आणि ती वाटी मी मोरीत ओतली.

डॉक्टर झाउली नळीतून बराच वेळ बघत राहिली.
पडदा शाबूत आहे, म्हणाली. हे आधी बघायचं,
मगच काय ते आत घालायचं.
काचपट्टीवर मला दाखवलं: जांभळे ठिपके,
बर्फावरून कुणी इवल्या पायांनी
चालत गेलेलं.
कानाची वाट सरळ नसते, म्हणाली,
खाली उतरते आणि आत वळते.
आमच्या तळघराच्या जिन्यासारखी, मी म्हटलं.
ओल एकदा उतरली की तिथंच मुक्काम.
आणि ही बया तर फेब्रुवारीतही लामोनेत उडी मारते,
वर कानांत लोकर मेंढीएवढी.

तेव्हा असं:
बाटली आधी काखेत ऊबवायची.
गार थेंब पडला, की उद्या कुत्री पलंगाखाली.
कान भरायचा, पाळीच्या मुळाशी चोळायचं,
चिखलातून बूट निघाल्याचा आवाज येईपर्यंत.
मग मागं सरायचं, कारण ती झटकणार,
भिंतीवर, चष्म्यावर,
माझ्या सासूबाईंच्या फोटोवर.
(फोटो मी हलवलेला नाही.)
मग कापूस, बोट सहज जाईल तेवढाच. काडी कधीच नाही.
कोरडा झाला की औषधाचे थेंब.

पाचव्या दिवशी वास गेला. झालं, एर्मेते म्हणाला.
चौदा म्हणजे चौदा, मी म्हटलं.
या कानानं घेऊन त्या कानानं सोडायलाही
आधी या कानात शिरावं लागतं,
म्हणून मी कॅलेंडरवरच फुल्या मारल्या.

औषध संपलं, तरी दर रविवारी कान धुणं राहिलं.
नदीवरून आली की टॉवेल, पाळी उलटी करून,
आणि उन्हाळ्यात गवताची कुसळं शोधायची,
ती आत शिरली की पुढंच सरकतात.

मे महिन्यात माझं मनगट मोडलं.
रविवार त्याच्याकडे गेला.
मी स्वयंपाकघरात, डाव्या हातानं शेंगा सोलत होते.
बाहेर बाकावर त्यानं बीजाचं डोकं मांडीवर घेतलं,
पाळी उचलली, तोंड जवळ नेलं,
आणि कुजबुजला.
एर्मेतेची कुजबुज चर्चपर्यंत जाते.

परवा तू ओकांत भुंकलीस ना,
मला ऐकू आलं नाही.
मी नुसता उभा राहिलो.
तू मला न्यायला परत आलीस.
नोरिनाला सांगायचं नाही हं.

बीजानं डोकं झटकलं. त्याचा अख्खा शर्ट ओला.

पुढच्या रविवारी मी बाकावर मांडून ठेवलं:
कापूस, बाटली, जुना टॉवेल,
आणि धूळ पुसून, ती डबी.
बोलले काही नाही.
त्यानं बाटली काखेत धरली
आणि डबीकडे बघत बसला.
तुल्लिओनं कुंपणावरून हाक मारली,
कसा आहे आता कान?
कुणाचा, मी विचारलं.