बिनघडीची

इस्त्रीचे कपडे आले की मी आधी घडी बघतो.
सुमती म्हणते, मोजा, नुसते बघत काय बसता.
दौलतगंजातला किशोरी, कोळशाची इस्त्री,
त्याची घडी सुटत नाही.
सदरा घातला तरी दिवसभर छातीवर
अधिकाचं चिन्ह.

त्या देशात मी अकरा दिवस होतो. निरीक्षक म्हणून.
नाव अहवालात आहे, इथे नको.
कधीकाळी तो एका मोठ्या देशाचा तुकडा होता.
चौकातला पुतळा हलवला, चौथरा तसाच ठेवला,
कोण येईल सांगता येत नाही
म्हणून असेल.

राष्ट्राध्यक्षपदाला दोघे उभे. एकाच शाळेतले,
एकाच पक्षात वाढलेले, एकमेकांचे व्याही होता होता राहिलेले.
खांबाखांबावर एकाच्या तोंडावर दुसऱ्याचं तोंड चिकटवलेलं.
थंडीनं खळ उखडे,
मग वरच्याच्या गालातून खालच्याचा कान दिसे.

दुभाषी मुलीचं नाव जमीरा.
मी म्हटलं, आमच्या ग्वाल्हेरीत जमीर म्हणजे…
म्हणाली, आमच्याकडेही तेच.
आजीनं ठेवलं. आजीचं काय, ठेवून मोकळी झाली.

रात्री नऊला शाळेच्या व्यायामशाळेत पेटी उपडी केली.
कागद घरंगळले, दुमडलेले, चुरगळलेले,
एकाची तर कुणीतरी होडी केलेली.
आणि मधेच धप्प करून एक गठ्ठा.
सपाट. करकरीत.
रिमाच्या वेष्टणातून आत्ताच काढल्यासारखा.
फट केवढी? माझी करंगळी जाईल एवढी.

बत्तीस वर्षं मी निवडणुका घेतल्या,
भिंडात, श्योपुरात, बंदुकीच्या धाकात.
माणसाच्या हातून मत कसं सुटतं ते मला ठाऊक आहे.
माणूस घडी घालतोच. भीतीनं घालतो, लाजेनं घालतो,
सुनेला दिसू नये म्हणून घालतो.
मेहगावच्या एका म्हातारीची घडी उलगडायला
दोन कारकून लागले होते.

जमीरानं माझ्याकडे बघितलं.
भाषांतर करायला कुणी काही बोललंच नव्हतं.
केंद्रप्रमुख बाई, गणिताच्या शिक्षिका, एक दात सोन्याचा,
त्यांनी गठ्ठा ढिगावर ठेवला, तळव्यानं दाबला,
काहीतरी पुटपुटल्या.
जमीरा म्हणाली, "त्या म्हणतायत, चहा घ्या."

तक्त्यात सतरावा रकाना : एकूण प्रक्रिया.
उत्तम. बरी. वाईट. अतिवाईट.
गाडी बाहेर घुरघुरत होती, पाय गारठले होते.
मी 'बरी'वर खूण केली.
पेन त्यांचंच होतं.

दुसऱ्या संध्याकाळी दोन सभागृहांत दोन शपथा झाल्या.
दोन वाहिन्या, दोन राष्ट्रगीतं, खरं तर एकच,
दोन्हीकडे बेसूर.
चौकात पाण्याचा मारा झाला, आणि माणसांचे कोट
अंगावरच गोठले,
हे मी दिल्लीला उतरल्यावर विमानतळावर पाहिलं.

धौलपूर गेलं, चंबळचा पूल आला,
बेहडात नेटवर्क गेलं, मुरैन्याला परत आलं
आणि जमीराची दोन वाक्यं एकदमच :
आम्ही चौथऱ्यापाशी आहोत.
तुम्ही लिहिलंत ना?

डब्यात गजकवाला ओरडत होता.
मी लिहिलं : पोचतो आहे. काळजी घे.
त्यावर तिचं काही आलं नाही.
नंतरही नाही.

पेपरात आतल्या पानावर चार ओळी असतात कधीमधी :
तिथली घडी हळूहळू बसते आहे.

आज कुरिअर आलं.
त्या देशाच्या आयोगाचं आभारपत्र, जाड सोनेरी कडांचं,
पुठ्ठ्याच्या नळीतून गुंडाळून पाठवलेलं.
एक चुणी नाही.
सुमती म्हणाली, बाड्यावरचा फ्रेमवाला
दोन दिवसांत करून देतो.

तिची पाठ वळल्यावर मी ते दुमडलं.
परत दुमडलं. नखानं रेघ धरली.
जाड होतं, पटकन ऐकेना,
तर किशोरीच्या गठ्ठ्याखाली ठेवलंय,
सदऱ्यांच्या खाली.