तिसरी रांग

देवास नाक्याच्या शोरूममध्ये
पोरगेल्या तपासनिसाने आमची सात सीटर
टिचक्या मारमारून पाहिली.
"अंकलजी, थर्ड रो तो एकदम कोरी है!"
म्हणत चार हजार वाढवून दिले.
वृंदा बाहेर जाऊन उभी राहिली.

बदल्यात ही छोटी. एकच मालक,
एकतीस हजार किलोमीटर,
एकशे चाळीस तपासण्या, प्रत्येकीपुढे हिरवी खूण.
मागच्या काचेवरचा अर्धा खरवडलेला जिराफ
यादीत नव्हता.
ब्लूटूथमध्ये अजून 'शबाना का फोन'.
काढून टाकू का, पोराने विचारलं.
राहू दे, म्हटलं.
मग म्हटलं, काढ.

घरी येताना छावणीत थांबलो.
एरवी दोन क्विंटल शरबती भरायचो वर्षाची,
आणि निवडायला शेजारणी.
यंदा दहा किलो.
पिशवी मागच्या सीटवर टाकली, गिअर घातला,
तर गाडी टिंग टिंग करत सुटली:
मागे कुणीतरी बसलंय, पट्टा लावा.

मी बटण शोधत राहिलो.
वृंदा खाली उतरली, मागचं दार उघडलं
आणि गव्हाला पट्टा लावला.

"चला आता," म्हणाली.
"खड्डे बघून."