एकाहून थोडं कमी

वासुदेव फिरके, निवृत्त ड्रायव्हर, लोको शेड, भुसावळ,
मे महिन्यात भर दुपारी दुकानात आले
दोन हातांत दोन पिशव्या घेऊन.
डावीत काच: त्यांच्या साडूने जुन्या रेडिओंच्या पोटातून जमवलेला
व्हॉल्व्हचा प्रीॲम्प्लिफायर, धोतराच्या पानात गुंडाळलेला.
उजवीत लोखंड: मोडीत निघालेल्या बँडच्या हातगाडीवरचा
ट्रान्झिस्टरचा पॉवर ॲम्प्लिफायर,
हीटसिंकच्या फटींत अजून गुलाल.
"हे दोन्ही जोडून दे बाई. एक टेप आयकाची हाये मले.
खोलजो नको मात्र. साडू गेला, त्याचे टाके तसेच राहू दे."

टेपवर कोळशाचं इंजिन होतं.
कोणतं, ते डबीवर लिहिलेलं नव्हतं.

जोडलं. शिट्टी आली, चहावाला आला,
कुणीतरी खोकलं, तेही स्वच्छ.
इंजिन मात्र वाऱ्यावर खडखडणाऱ्या पत्र्यासारखं.
काका म्हणाले, "आवाज आला, पन पाय नई त्याले."

पाय कुठे गेले ते मला माहीत होतं.
व्हॉल्व्हकडे व्होल्ट रग्गड, देण्याची ताकद चिमूटभर,
आणि समोरचा दहा हजार ओहमचं तोंड उघडून
सगळं एका घोटात मागणारा.
ऐकणाऱ्याने बोलणाऱ्यावर भार टाकू नये,
निदान दहापट मोकळं बसावं.
ह्याला ते कोण शिकवणार, बँडमध्ये वाढलेला.
मधल्या कपॅसिटरमधून बारीक आवाज निसटून गेले,
जड होते ते दाराशीच बसले.

मध्ये तिसरं कुणीतरी हवं होतं.
आईचा ॲल्युमिनियमचा डबा घेतला, त्याला भोक पाडलं,
एकच व्हॉल्व्ह बसवला. कॅथोड फॉलोअर.
हा आवाज वाढवत नाही.
एक दिला तर एकसुद्धा परत देत नाही,
शून्य पूर्णांक पंच्याण्णव.
फक्त वजन पेलतो.

मला हे काम लहानपणापासून येतं.
आई आणि अण्णा आठ-आठ दिवस बोलत नसत,
तेव्हा चुलीपासून काउंटरपर्यंत मी.
"त्यांना म्हणावं, कळण्याची भाकरी केलीय, यायचं तर या."
"तिला सांग, सोल्डर संपलंय, भूकही संपलीय."
होतं तेवढंच पोचवायचं,
शिवी तेवढी उंबऱ्यावर सांडायची.

पुन्हा जोडलं तर घूं घूं घूं.
रुळांवरच्या पंचवीस हजार व्होल्टची गुणगुण
अर्थिंगच्या वळशातून आत आलेली.
काका हसले. "हे नवं इंजिन बी आलं आयकाले."
शिल्डचं एक टोक सोडवलं,
मागच्या खड्ड्यात, मीठ-कोळशावर, दोन बादल्या पाणी ओतलं.

आधी काच पेटू दिली.
तांबडी होईस्तो थांबायचं, घाई केली की
स्पीकरच्या छातीत लाथ बसते.
मग लोखंड.

आणि इंजिन दुकानात शिरलं.
बरण्यांतले रेझिस्टर नाचले, कॅलेंडर भिंतीवर हललं.
काकांचा उजवा कान शेडनेच नेलेला;
त्यांनी तळवा स्पीकरच्या लाकडावर ठेवला
आणि ओठांतल्या ओठांत मोजायला लागले,
एक, दोन, तीन,
चार.
"चौथा लंगडा. व्हॉल्व्ह घासेल व्हता त्याचा."
मी डब्याकडे पाहिलं. माझा तर नवाकोरा.
मग कळलं, ते इंजिनच्या व्हॉल्व्हबद्दल बोलताहेत.

"तुमचंच का, काका?"
"नई. नारखेड्याचं. माझं सरळ चालायचं."
बराच वेळ काही बोलले नाहीत.
तळवा तिथेच.
"ऱ्हाऊ दे," म्हणाले, "जाऊ दे त्याले पुढे."

टेप संपून नुसती फडफडत राहिली.
बंद करताना उलटं: आधी लोखंड,
मग काच, ती हळूहळू विझते.
बिलात व्हॉल्व्ह लावला, वायर लावली,
डबा लावला नाही.