गोडं पाणी

जालन्यात समुद्र बादलीत कालवावा लागतो,
मीठ तोलून.

चार दिवस पिवळा टँग
दगडाला अंग घासत होता,
डोळ्यावर साय आलेली.
भिंग लावलं तरी काही दिसेना.
परीक्षा एकच उरली, औषधही तेच:
पाच मिनिटं गोड्या पाण्यात.

नळ नवव्या दिवशी आलेला.
मी पातेलं भरून रात्रभर उघडं ठेवलं.
रत्नमाला बोलली नाही,
उरलेल्या घागरी मोजल्या फक्त.

सकाळी सोडला, तर मासा आडवाच झाला.
अंगावरून तीळ गळावेत तसे
पांढरे जीव सुटले, तळाशी बसले.
ज्या पाण्यासाठी आम्ही रात्री जागतो
ते याला मिनिटभर जास्त झालं तर

घड्याळ तिच्याच हातात होतं.
"काढा. साडेचार झाली."

पातेलं तिनं मोरीत ओतू दिलं नाही.
फडक्यानं गाळलं,
कढीपत्त्याला घातलं.