तेल ठिबकतंय तोवर

स्केल्बीच्या त्या माळाला विमानतळ म्हणणं
म्हणजे गाढवाला शर्यतीचा घोडा म्हणणं,
असं आई म्हणायची.
मेंढ्यांनी कुरतडलेलं गवत,
टोकाला उसवलेला एक वाऱ्याचा मोजा,
आणि युद्धातून उरलेली पत्र्याची दोन कोठारं.
त्यातल्या एकात माझे वडील, विल्फ ऑर्मनरॉइड,
सकाळी सातला विमानांना उठवायचे.

उठवायचे, हाच शब्द.
टायगर मॉथच्या लाकडी पंख्याला दोन्ही तळवे लावून
आधी चार हलके फेरे,
गाढ झोपलेल्याचा खांदा हलवावा तसे.
मग खणखणीत "कॉन्टॅक्ट!",
एक हिसका,
आणि त्याच पावली मागे.
एकदाच मागे सरायला उशीर झाला.
डाव्या हाताचं अर्धं बोट
एका ऑस्टरनं नेलं, एक्कावन्नच्या मार्चात.
वडिलांच्या बोलण्यात सगळी विमानं बायकाच होत्या.
"कडाक्याची थंडी होती," ते सांगायचे,
"तिला तरी काय कळणार."

मी नऊ वर्षांची असताना पंखांच्या कापडाला
रोगणाचे हात द्यायला शिकले.
पेअरच्या गोळ्यांसारखा गोड, डोक्यात चढणारा वास
माझ्या वेण्यांत दोन दोन दिवस राहायचा.
मिस थॅकरे नाक मुरडून
मला खिडकीशी बसवायच्या.
तिथून आकाश जास्त दिसायचं.
मी मुद्दामच केस धुवत नसे.

रविवारी रॅपिड उडायची.
साडेसात शिलिंगांत आठ मिनिटं, आठ माणसं,
आधी प्रत्येकाचं वजन, मिसेस बूथरॉइडचं टोपलीसकट.
गॅसचं कारखानं, नदीचं वळण, गिरण्यांची धुराडी,
एवढं सगळं खाली पसरलेलं,
आणि लोक काचेला नाक लावून शोधत काय,
तर आपापल्या परसातले
वाळत घातलेले कपडे.
"माझी चादर!" म्हणून मिसेस बूथरॉइड ओरडल्या
ते वैमानिक आयड्रिस प्यू
वर्षभर सांगत फिरला.

वडील मात्र कधी वर गेले नाहीत.
इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे सरकवत म्हणायचे,
"तेल ठिबकतंय तोवर समजायचं, आत तेल आहे.
थांबलं की काळजी करायची."
सहासष्टच्या शरदात रॅपिड विकली गेली.
आयड्रिसनं दार उघडं धरून हाक मारली,
"चल रे विल्फ, नदीपर्यंत तरी."
वडिलांनी बाहीनं त्याची काच पुसली,
चाकांखालचे ठोकळे ओढून घेतले,
आणि हात वर केला.
तो बराच वेळ वरच होता.
संध्याकाळी घरी आल्यावर
ते पाव खाऊन झोपले.
ट्रे तिथेच राहिला, महिनाभर,
त्यात पावसाचं पाणी,
पाण्यावर तेलाचं इंद्रधनुष्य.

पुढे कान गेले.
वृद्धाश्रमात खिडकीच्या काचेवर
तळवा टेकवून बसायचे,
साडेचार बोटांचा.
काच थरथरली की डोळे मिटून सांगायचे,
"डार्ट इंजिनं. चार. व्हायकाउंट."
खाली लाँड्रीची लॉरी उभी असायची,
इंजिन चालू ठेवून.
मी त्यांच्या हातावर लिहायचे, "वेळेवर आली."
ते मान हलवायचे,
वेळेवर येणाऱ्यांबद्दल त्यांना आदर होता.

आता एका कोठारात गालिचे विकतात.
माळावर घरं झाली, सगळी एकसारखी,
आणि नगरपालिकेनं गल्ल्यांना नावं दिली विमानांची.
मी पाच नंबरात राहते.
गवत तेवढं अजून तसंच उगवतं,
फरशीच्या फटीतून, धावपट्टीच्या दिशेनं झुकलेलं,
म्हणजे मला तसं वाटतं.

परवा पार्सल घेऊन आलेल्या पोरानं
पाटीकडे बघत विचारलं,
"हा ऑस्टर कोण होता हो, कुणी सैनिक?"
मी सही करता करता म्हटलं,
"होता नाही, होती.
स्वभावानं बरी.
थंडीत मात्र जरा लांब उभं राहावं लागायचं."